पिकअपच्या टपावरचा भाजलेला रवा

मोठे बाबा,

गाडीच्या टपावर पसरलेला रवा काही ठिकाणांहून पळून का जातो आणि काही ठिकाणी रेष धरून का बसतो, हे मी तुम्हाला कधीच समजावून सांगितले नाही. तुम्हीही कधी विचारले नाही. ‘का’ हा तुमचा प्रश्नच नव्हता; ‘कुठे’ हा होता, आणि त्याचे उत्तर मी पाटीवर अक्षरे गिरवत होते तेव्हापासून तुमच्याकडे होते.

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. या अठरा दिवसांत सौंसर, लोधीखेडा, तिगाव, पांढुर्णा अशा चहूकडच्या माणसांनी तुमच्याविषयी मला पुष्कळ सांगितले. मी मात्र त्यांतल्या कोणालाच काही सांगितले नाही. जे सांगायचे आहे ते आधी तुम्हाला सांगायला हवे होते, म्हणून ते आता तरी इथे लिहिते. ज्या प्रयोगासाठी मला बक्षीस मिळाले, ज्याच्या जोरावर मला संशोधनाची जागा मिळू पाहते आहे, त्या प्रयोगाचा गाभा तुमचा होता. तो माझाच आहे असे मी तिथे लोकांना वाटू दिले.

आता क्रमाने लिहिते. क्रम सोडला की मी स्वतःला सवलत देऊ लागते, हे मला ठाऊक आहे.

पांढुर्ण्याहून सुट्टीत मी सौंसरला तुमच्याकडे, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाकडे, यायचे, तेव्हा बसस्टँडच्या पुढे कडुनिंबाखाली तुमचे कुशनचे दुकान होते. तिथे इतरही गाड्यांच्या सीटा शिवल्या जायच्या. पण पिकअपवाले खास तुमच्याकडे यायचे ते कॅबिनसाठी. संत्री आणि कापूस भरून दिवसभर धावणाऱ्या त्या गाड्यांच्या कॅबिनमध्ये इंजिनची घरघर, पत्र्याची थरथर आणि टपाची गुंगणारी ‘घूंऽऽ’ अशी साचून राहते, की उतरल्यावरही माणूस ओरडूनच बोलतो. तुम्ही स्वतः वीस वर्षे पिकअप चालवत असे ओरडून बोललात. खिडकीकडचा उजवा कान त्यात गेला. मग गाडी विकली आणि दुसऱ्यांचे कान वाचवण्याचे दुकान टाकले. तुमच्याशी बोलायचे तर डाव्या बाजूला बसावे लागे. चुकून कोणी उजवीकडे बसला की तुम्ही हसून म्हणायचात, “इकडं ये बाप्पा, त्या कानाची ड्युटी संपली.”

बाकीचे कारागीर काय करायचे, ते मी नंतर पुष्कळ ठिकाणी पाहिले. ते कॅबिनभर फोम चिकटवतात, वरून रेक्झिन ताणतात आणि गाडी परत देतात. हाताला मऊ लागते म्हणून मालकही खूश होतो. फोममुळे आतला चिरका आवाज कमी होतो, पण पत्रा स्वतः थरथरत असेल तर त्या थरथरीला फोम काहीच करू शकत नाही. त्यासाठी पत्र्याला वजन हवे, डांबराची जड शीट हवी. हे मी एम.एस्सी.ला शिकले. तुम्ही ते चार शब्दांत सांगायचात: “शीट दाबते, फोम पेते.”

शीट नेमकी कुठे लावायची? त्यासाठीच तुम्ही टपावर रवा पसरायचात.

मी आठवीत असेन. तुम्ही शिडीवर चढून तुमचे जुने गिऱ्हाईक देवरावभाऊ यांच्या पिकअपच्या टपावर चाळणीने रवा भुरभुरत होता आणि खाली देवरावभाऊ गाडी चालू करून हळूहळू रेस वाढवत होते. एका विशिष्ट रेसवर टप गुंगू लागला. तुम्ही पंजा उंच करून त्यांना तिथेच थांबवले आणि मला वर बोलावले. रवा जिवंत झाल्यासारखा सरकत होता. मधून, कोपऱ्यांतून, तो जणू कोणी हाकलल्यासारखा निघाला आणि पाहता पाहता वळणदार रेषांमध्ये जाऊन थांबला. उरलेला पत्रा पुसल्यासारखा स्वच्छ.

“मोठे बाबा, हे तुमाले कोनं शिकवलं?”

“झाडानं,” तुम्ही म्हणालात. मला वाटले, थट्टा करता आहात. “खरं सांगून राहिलो वं. चैताचा महिना होता. याचीच गाडी इथं उभी होती, टपावर निंबाचा फुलोरा सांडला होता सारा. यानं गाडी चालू केली अन् रेस देत बसला. म्या पायलं तं फुलं चालाले लागले! लाइन धरून बसले. म्या ओरडलो, थांब रे देवराव, बंद नको करू!”

“मले वाटलं आग लागली,” देवरावभाऊ खालून म्हणाले. “उडी मारून पयालो मी!”

“अन् गाडी बंद करून गेला लेकाचा. तेच तं नको म्हनलं होतं.”

मग तुम्ही खडूने स्वच्छ झालेल्या जागांभोवती गोल काढले. “जिथून रवा पयते, तिथं पत्रा नाचून राहिला. जिथं बसते, तिथं झोपला हाय. झोपलेल्याले कायले थापटाचं? नाचनाऱ्याले दाबाचं.” आतल्या बाजूने तेवढ्याच जागांवर शीटचे तुकडे लावून तुम्ही गाडी पुन्हा त्याच रेसवर आणलीत. टपाची गुंग गेली होती.

निंबाला फुलोरा वर्षातून एकदाच येतो. म्हणून तुम्ही दुसरे काही शोधत राहिलात. मातीने रंगावर ओरखडे पडले. पीठ चिकटले. रवा बरोबर सरकत होता, पण पांढऱ्या गाडीवर पांढरा रवा दिसेना. तेव्हा मोठी आई म्हणाली, लालसर भाजून घ्या. भाजल्याने रवा दिसू लागला आणि त्यातला ओलसरपणा गेल्यामुळे अधिक मोकळेपणी सरकूही लागला. एका तव्यावर दोन अडचणी सुटल्या. प्रयोगशाळेत असे सुटसुटीत उत्तर सापडायला आम्हाला महिने लागतात. मोठी आई मात्र डबा रिकामा दिसला की म्हणायची, “दुनियेची मानसं रवा खातेत, आमच्या घरी गाड्या खातेत.”

नागपूरला भौतिकशास्त्राच्या वर्गात एक दिवस मॅडमनी धातूची चौकोनी प्लेट आणली, तिच्यावर बारीक वाळू टाकली आणि तिची कड व्हायोलिनच्या गजाने घासून तिला कंप दिला. वाळू पळाली. रेषा उमटल्या. वर्ग मोबाइलवर चित्रीकरण करू लागला, आणि मी माझ्या जागी थिजून बसले. शेकडो वर्षांपूर्वी युरोपातल्या विद्वानांनी पाहिलेली गोष्ट सौंसरच्या बसस्टँडवर एका माणसाने, कोणतेही पुस्तक न उघडता, निंबाच्या फुलोऱ्यात पाहिली होती. एवढेच नाही, तिला कामाला लावले होते. विद्वानांनी रेषांचे चित्र काढले. तुम्ही रेषा सोडून उरलेल्या जागा वापरल्या. त्या क्षणाइतके मला तुमचे मोठेपण पुन्हा कधी दिसले नाही, आणि त्याच क्षणी माझ्या मनात आलेला दुसरा विचार असा होता: यातून एक प्रकल्प होईल.

मी तुम्हाला फोन केला नाही. आज त्याचे कारण स्पष्ट दिसते. केला असता, तर प्रकल्प तुमचा झाला असता.

उन्हाळ्यात मी मोजमापाच्या कल्पना घेऊन तुमच्या दुकानात आले. मला तुमची तुकड्यांची पद्धत काटकसर वाटत होती. देवरावभाऊंच्या नव्या गाडीच्या दरवाज्यांची आतली पॅनेल कामासाठी काढलेली होती. तुम्ही लोधीखेड्याला सामान आणायला गेला होता. मी काचेपुरती फट सोडून दोन्ही दरवाज्यांच्या पोकळीत स्पंजासारखा फोम ठासून भरला, खालची भोकेसुद्धा शीटने बंद केली, वरून पॅनेल बसवले आणि सायंकाळी गाडी दिली. दरवाजा मिटल्याचा आवाज इतका जड, इतका श्रीमंत आला, की मी तो तीनदा मिटून ऐकला.

पावसाळ्यात देवरावभाऊ आले ते ओरडतच. “भाऊ, दरवाज्यात विहीर खोदली का तुमी? वळनावर पानी इकडून तिकडं चालते. बोरगावपासून आयकून राहिलो, गाडी चालवून राहिलो का नाव!”

तुम्ही पॅनेल खोलले. फोम पाणी पिऊन फुगला होता, पत्र्याला गंज धरला होता. मी तिथेच उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलेही नाही. “माह्याच हातची चूक हाय, देवराव. ध्यान नव्हतं. दोन दिवस ठेव गाडी.”

“तुमच्या हातची? बुढे झाले भाऊ तुमी!”

“झालो ना बाप्पा. चहा पेशील का?”

ते गेल्यावर तुम्ही मला भोके दाखवलीत. “काचेच्या फटीतून पानी आत येतेच. त्याले जाले वाट पायजे. ते भोकं उगाच नाही ठेवत कोनी.” मी विचारले, माझे नाव का नाही सांगितले? तुम्ही ओल्या फोमचे बोळे बाहेर काढत म्हणालात, “तुह्यं नाव सांगतलं असतं तं तो म्हनला असता, शिकलेल्या पोरीनं केलं. मंग शिकलेल्या पोरीले पुन्हा कोन हात लावू दे गाडीले?”

त्या वेळी मला हे प्रेम वाटले. आज वाटते, तो दूरवरचा हिशेबी विचारही होता. तुम्ही माझी चूक आपल्या नावावर घेतलीत, म्हणून पुढच्या सुट्टीत त्याच देवरावभाऊंनी त्याच गाडीचा टप मला दोन दिवस दिला.

ते दोन दिवस आठवतात? मी विभागातून कंपन मोजणारी, बटणाएवढी छोटी यंत्रे आणली होती. टपावर खडूने चौकटी आखून प्रत्येक चौकटीत मोजमाप घेतले आणि संगणकावर रंगीत नकाशा काढला: जिथे पत्रा अधिक हलतो तिथे लाल, कमी तिथे निळा. मग तुम्ही पाच मिनिटांत रवा पसरलात. शिडीवरून मी रवा सरकतानाची चित्रफीत घेतली आणि रेषांचा फोटो नकाशावर ठेवला. निळ्या पट्ट्यांवर रव्याच्या रेषा तंतोतंत बसल्या. एका कोपऱ्यातच फरक होता. मी म्हणाले, इथे तुमचा रवा चुकतो आहे. तुम्ही त्या कोपऱ्यात बोटाच्या पेऱ्याने दोनदा ठोकलेत, पंजा ठेवलात आणि म्हणालात, “इथलं तुह्यं बटन ढिलं हाय.”

यंत्र खरेच नीट चिकटलेले नव्हते. ते घट्ट करून पुन्हा मोजले. रवा बरोबर होता.

मी शिडीवर तशीच उभी राहिले. एका कानाने अधू असलेला माणूस तळहाताने जे ऐकत होता, ते ऐकायला मला दोन दिवस, एक संगणक आणि विद्यापीठाच्या परवानगीचे पत्र लागले होते. तुम्ही खालून विचारलेत, “झालं का तुह्यं? चहा सांगू?”

अख्ख्या टपाला शीट लावून मी तुलनाही केली. तुमच्या तुकड्यांना एक तृतीयांश शीट लागली होती. आवाजातला फरक कानाला कळेल एवढाही नव्हता. तरी एका बाबतीत आपले भांडण मिटले नाही. चाकाकडच्या पत्र्याला तुम्ही मुद्दाम कमी दाबायचात. “टायर बोलते, ते डायव्हरले आयकू आलं पायजे. सारंच बंद केलं तं गाडी मुकी होते.” मी म्हणायचे, कानाला त्रास होतो तो आवाजच, थोडा चांगला आणि थोडा वाईट असे नसते. मला अजूनही वाटते की यात तुमचे पूर्ण बरोबर नाही. पण मी ज्या आकड्यांनी तुम्हाला हरवणार होते, ते आकडे अजून घेतलेले नाहीत, आणि आता ते ऐकून मान हलवायला समोर कोणी नाही.

मग विद्यापीठातले सादरीकरण. मी नकाशा दाखवला, रवा दाखवला. परीक्षकांपैकी एकाने विचारले, “रवा भाजून घ्यायचे कसे सुचले?” उत्तर सरळ होते. सौंसरला माझे मोठे बाबा आहेत, मोठी आई आहे. मी म्हणाले, “करून पाहता पाहता.” तीन शब्द. खोटा एकही नाही, आणि तरी संपूर्ण उत्तर खोटे.

बक्षीस घेऊन मी तुमच्याकडे आले. तुम्ही रेक्झिन कापत होता.

“तिथं काय सांगतलं?”

“मशीनचं. मोजमापाचं.”

“अन् रव्याचं?”

तुम्ही कात्री खाली ठेवलीत. माझी मान खाली गेलेली पाहून तुम्हाला वाटले, मी रव्याची लाज धरली. “नाही सांगतलं ना? बरं केलं. मोठ्या लोकायच्या सभेत रवा-गिवा... हसले असते. तुह्या मशीनवरचा इश्वास उठला असता.” आणि माझ्या पाठीवर हात ठेवलात. “मनाले नको लावून घेऊ.”

मी तुमच्यापासून तुमचा शोध घेतला होता, आणि तुम्ही मला समजावत होता. मी तेव्हाही बोलले नाही. पुढच्या सुट्टीत सांगेन असे ठरवले. पुढची सुट्टी यायच्या आधी तुम्ही गेल्याचा बाबांचा फोन आला.

पुण्यानुमोदनाच्या, तुमच्या स्मरणाच्या, दिवशी रस्त्याच्या कडेला पिकअपच पिकअप उभ्या होत्या. वंदना झाल्यावर एकेक ड्रायव्हर बोलायला उभा राहिला. तिगावचा एक जण एवढेच म्हणाला, “शामरावभाऊनं कॅबिन बनवून देल्ली, तवापासून पोरगी फोनवर काय बोलते ते समजते,” आणि खाली बसला. मी त्या गाड्यांच्या रांगेकडे पाहत होते. प्रत्येक टपाखाली, रेक्झिन आणि फोमच्या मागे, कोणाला कधीच न दिसणारे तुमचे तुकडे नेमक्या जागी चिकटलेले होते. किती पत्रे तुम्ही शांत केलेत, मोठे बाबा! आणि एकावरही तुमचे नाव नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या मार्गदर्शक बाईंना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, “ती जागा तुला पद्धतीच्या नवेपणासाठी मिळते आहे. ते नवेपण तुझे नाही म्हणालीस, तर तुझे काय उरते?”

“मोजमाप,” मी म्हणाले.

“ते पुरेल?”

काल मी संशोधनाची जागा देणाऱ्यांना पत्र पाठवले. त्यात लिहिले आहे की भाजलेला रवा पसरून पत्र्याच्या कंपनाच्या जागा शोधण्याची पद्धत सौंसर येथील कुशन कारागीर शामराव आणि त्यांच्या पत्नी यांची आहे. मी ती मोजून पाहिली आणि ती अचूक ठरली. हे मी आधी सांगायला हवे होते. उत्तर आलेले नाही. जागा जाईल, कदाचित. मला ती फार हवी आहे, हे तुमच्यापासून लपवत नाही.

आज सकाळी मोठ्या आईलाही सांगितले. ती ओट्यावर बसून ऐकत होती. मला वाटले, रागावेल. तिने मधेच हात वर केला.

“थांब. म्हंजे रव्याचं सांगतलं होतं तुनं तिथं?”

“हाव.”

“अन् लोकं हसले?”

“नाही, मोठी आई. कोनीच नाही हसलं.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. “ते तं हेच म्हनत राहिले शेवटपर्यंत, का पोरगी आपल्या रव्यापायी लाजली असन. हे सांगाले पायजे होतं तुनं त्यायले. बाकीचं नसतं सांगतलं तरी चाललं असतं.”

तर ते सांगते. सभागृह मोठे होते, दिवे मंद केले होते. पडद्यावर देवरावभाऊंच्या गाडीचा टप आला, आणि त्यावर तुमचा लालसर रवा सरकू लागला. मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. रवा मधून हटला, कोपऱ्यांतून हटला, वळणे घेत रेषांमध्ये जाऊन बसला. पहिल्या रांगेतले एक वयस्कर प्राध्यापक जागेवरून उठले, पडद्याच्या अगदी जवळ गेले, चष्मा काढून उभे राहिले. मग मागे वळून मला म्हणाले, “पुन्हा दाखवा.” मी पुन्हा दाखवले. तिसऱ्यांदाही दाखवले. चित्रफितीच्या शेवटी शिडीवरून उंच झालेला एक पंजा क्षणभर दिसतो, रेस तिथेच धरून ठेवायला सांगणारा. तो कोणाचा, हे कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. पण तो पंजा दिसला तेव्हा सगळे सभागृह श्वास रोखून बसले होते, मोठे बाबा. कोणीही हसले नाही.